काय पाठवू?

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं.

२०२२ चा मार्च. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि आमच्या वॉर्सॉचं रूपच पालटलं. स्टेशनवर जिकडेतिकडे बायका, मुलं, मांजरांच्या पेट्या... १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी होती, त्यामुळे या कुटुंबांमध्ये बाबा बहुतेक नव्हतेच.

जे तिकडेच राहिले त्यांच्यासाठी आमच्या भागातल्या एका हॉलमध्ये सामान गोळा होत होतं. मीही कपाट आवरलं आणि दोन पिशव्या भरून कपडे घेऊन गेले. लेकीच्या तोकड्या झालेल्या पँटी, नवऱ्याचे स्वेटर आणि (हसू नका) एक जरीचा पंजाबी ड्रेस. मनातून अगदी छान वाटत होतं.

तिथलं सगळं बघणारी बाई स्वतः युक्रेनियन. तिच्या सासूबाई खारकीवमध्ये, मेट्रो स्टेशनात मुक्कामाला. वर बाँब पडत होते म्हणून हजारो माणसं तशी जमिनीखाली राहात होती. तिने पिशवीत डोकावलं, कोपऱ्यातला कपड्यांचा ढीग दाखवला आणि माझ्या हातात एक यादी ठेवली. टॉर्च, सेल, पॉवरबँक, डायपर, सॅनिटरी पॅड, न शिजवता खाता येईल असं काहीही. आणि शेवटी, खाली दोन रेघा मारून: कॅन ओपनर.

डबाबंद मासे, मांस, कडधान्यं भरपूर गेली होती. पण डबे उघडणार कशाने? जीव मुठीत धरून घर सोडताना ओपनर कोण आठवणीने घेतं?

मला एकदम सांगली आठवली. ऑगस्ट २०१९ चा पूर. आई आठ दिवस एका शाळेत राहिली होती. मदतीत तिला साड्या मिळाल्या चार, परकर एकही नाही. बीपीच्या गोळ्यांचं कुणी विचारलंच नाही. "देणाऱ्याला काय बोलायचं गं," एवढंच ती म्हणाली होती. तेव्हा त्या देणाऱ्यांवर मी किती चिडले होते! आणि अडीच वर्षांत मीच जरीचा ड्रेस घेऊन उभी...

नंतर कळलं, संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी २०२२ मध्ये युक्रेनमधल्या कुटुंबांना रोख पैसेही दिले. जिथे दुकानं चालू असतील तिथे हेच बरं. परकर घ्यायचा की गोळ्या, ते जिचं तिला ठरवता येतं.

असो. त्या दिवशी पिशव्या परत आणल्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानात होते तेवढे ओपनर उचलले. अकरा मिळाले. रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. म्हटलं, आता ऐकावं लागणार.

"अकराच?" आई म्हणाली. "अजून एखादं दुकान बघायचंस की गं!"