सरकी

सरकी गेल्याचं फोनवर कळलं तेव्हा भाच्याने विचारलं, "मामा, आजीला तर ती नको होती ना? मग आजी रडते कशाला?" आमच्या घरात ही गोष्ट नेहमी अशीच सांगतात. आजी मांजर सोडून द्यायला निघाली आणि आजोबांनी मायक्रोस्कोप काढून तिला वाचवलं. ती अर्धीच गोष्ट आहे आणि मला ती अर्धी राहू द्यायची नाही.

आमचं घर हिंगणघाटचं. भाव येईपर्यंत मधल्या खोलीत कापूस भरलेला असे. त्या ढिगातच सापडली म्हणून ती सरकी. तिला एकच नाद. दिवे मालवले की ढिगाभोवती दबा धरून रातकिडे पकडायचे. किरकिर चालू असे, एकदम थांबे, मग अंधारात बारीक कुडकुड ऐकू येई. दुधाची वाटी भरलेली असली तरी आधी रातकिडा.

त्या वर्षी ताई पहिल्या बाळंतपणाला आली होती, दिवस भरत आले होते. एका रात्री सरकी नेमकी तिच्या खाटेखाली ओकली. ओकारीत एक पांढरट, जाडसर किडा वळवळत होता. आईने पोतं काढलं. "हिले आत्ताच वणा नदीच्या पलीकडे सोडून या. पोरीले काही झालं तं?" मी दारात आडवा उभा राहिलो आणि पोत्याला हात लावू दिला नाही. बाबा जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक. ते एवढंच म्हणाले, "आधी किडा पाहू दे."

किडा मिठाच्या पाण्यात धुऊन त्यांनी काचपट्टीवर घेतला. आईची भीती खोटी नव्हती. मांजरीच्या आतड्यातला नेहमीचा गोल जंत, टॉक्सोकारा कॅटी, त्याची अंडी मातीतून माणसाच्या पोटात जाऊ शकतात. त्याच्या तोंडाला तीन ओठ आणि डोक्यामागे दोन्ही बाजूंना बाणाच्या टोकासारखे पंख. हा तसा नव्हता. याला मोठे दोनच ओठ होते आणि डोक्याभोवती कातडीची कॉलर. फायसालोप्टेरा. आतड्यात न राहता तो जठराच्या भिंतीला चावून धरतो. "याची अंडी जड असतात," बाबा सांगत होते. "शी तपासायला दिली तरी द्रावणात वर तरंगत नाहीत, पुष्कळदा अहवाल कोराच येते. ओकारीत सापडला म्हणून कळलं."

ताई खाटेवर बसून ऐकत होती. आईला ओठ-कॉलरीशी काही देणंघेणं नव्हतं. तिने विचारलं, "मंग हा पोटात येते कुठून?"

बाबा म्हणाले, झुरळं, भुंगेरे, रातकिडे. अंडी किडा खातो, त्याच्यात अळी वाढते, मांजर तो किडा खाते. मांजरीकडून थेट दुसऱ्या कुणाला होत नाही.

आईने पोत्याची घडी घातली, खराटा घेतला आणि त्याच रात्री कापसाच्या ढिगाच्या कडेकडेने रातकिडे हुसकावत बसली. कमरेला पदर खोचलेला, एका हातात बॅटरी. सरकीला सकाळी डॉक्टरांकडून औषध मिळालं, गोल जंतांचंही. ताईचं बाळंतपण सुखरूप झालं आणि तिच्या खाटेखाली झोपायला मांजरीला पुन्हा परवानगी मिळाली, ती आईनेच दिली.

ते एवढ्यावर थांबलं नाही. ताई बाळाला घेऊन सासरी गेली, तरी कापूस घरात असेपर्यंत आई रोज निजायच्या आधी ती खोली झाडायची. आता भीती कोणाची होती? बाळ तर घरात नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तिले काय समजते का, काय खावं अन् काय नाही?" बाबांच्या मायक्रोस्कोपचं कौतुक पाहुण्यांसमोर व्हायचं, आई तेव्हा चहा गाळत असायची. मध्ये बोलली नाही कधी.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. वर म्हटलं, दिवाळीत ये. यंदाही कापूस घरात येईल, आणि आई ती खोली झाडायला बसणारच. तिला आता गुडघ्यांमुळे वाकवत नाही, ढिगामागची बाजू तू धर.