काच कोण पुसणार?

जालन्यात दवाखाना सुरू करून मला आता तीस वर्षे होत आली. न्हाणीघरात पडून आलेले किती वृद्ध या काळात तपासले, याची मोजदाद मी ठेवलेली नाही. त्यांच्या मुला-सुनांना मात्र मी नेहमी तेच सांगत आलो: फरशी ओली ठेवू नका, भिंतीला आधाराची दांडी बसवा, आतून कडी लावू देऊ नका. हे सारे इतरांना सांगणाऱ्या माणसाच्या घरी त्याची एक्याऐंशी वर्षांची आई न्हाणीघरात पडली. ती स्नान करताना पडली नाही. काच पुसताना पडली.

घराच्या डागडुजीत आम्ही शॉवरभोवती काचेचा कप्पा करून घेतला होता. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. पाणी कप्प्यातच राहिले तर बाहेरची फरशी कोरडी राहील आणि आईचे पाऊल घसरणार नाही. दुकानदाराने आणखी एक आश्वासन दिले, की काच एका फडक्याने लख्ख होते. त्या वेळी मी त्याला एकच प्रश्न विचारायला हवा होता: कोणते पाणी वापरले तर?

आपल्या जिल्ह्यात पाण्याची कथा प्रत्येकाला ठाऊक आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, त्या आठवणी अजून ओल्या आहेत. नळाचे पाणी रोज येत नाही. ते पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी जपून ठेवायचे आणि अंघोळीला बोअरचे पाणी वापरायचे, हा अनेक घरांचा शिरस्ता आहे. बेसॉल्टच्या खडकातून झिरपलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. काचेवरचा थेंब वाळला की पाणी उडून जाते आणि क्षार तेथेच राहतो. साबणाचाही या क्षारांशी संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तो काचेवर दिसतो म्हणून आपल्याला खुपतो. फरशीवर दिसत नाही, पण पायाखाली बुळबुळतो. वृद्धांच्या दृष्टीने खरा धोका हा दुसरा.

आमची काच तीन महिन्यांत धुरकट झाली. दिवाळीला पाहुणे येणार होते. आम्ही दोघे आपापल्या कामावर गेल्यावर आईने प्लास्टिकचे स्टूल कप्प्यात नेले आणि घासणी घेऊन ती त्यावर चढली. स्टूल सरकले. आधारासाठी तिने काचेच्या दाराची मूठ पकडली. दार फिरले आणि ती उजव्या हातावर पडली. मनगटाजवळचे हाड मोडले. मांडीचे हाड वाचले, हे मी नशीब समजतो, कारण त्या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय असते ते मी फार जवळून पाहिले आहे. तिने मला दोन तास फोनही केला नाही. “तुझे पेशंट खोळंबले असते रे,” एवढेच ती म्हणाली. प्लास्टर सहा आठवडे होते. त्या काळात मी तिच्याकडे पाहायचो तेव्हा ते पांढरे प्लास्टर आणि ती पांढरी काच यांचा हिशेब मनात सुरू असायचा.

म्हणूनच न्हाणीघराचे काम काढणाऱ्या वाचकांना माझे सांगणे आहे: ‘साफ करायला सोपे’ हे शब्द ऐकले की ते साफ कोण करणार आहे, हे आधी ठरवा. वयस्क माणसाला, विशेषतः ज्या पिढीला डाग सहन होत नाही त्या पिढीला, ‘तू हात लावू नकोस’ असे सांगून भागत नाही. वस्तूच अशी हवी, की तिला उंचावर चढून घासण्याची गरज पडू नये.

आम्ही दार काढून टाकले. काचेचा एकच स्थिर भाग ठेवला आणि उरलेल्या बाजूला धुता येणारा पडदा लावला. सरकत्या दारांच्या खालच्या खाचेत साबणाचा साका आणि बुरशी साचते आणि तेथे बोटही पोहोचत नाही. तो प्रकार टाळलेलाच बरा. दार हवेच असेल तर ते बाहेर उघडणारे घ्या. आत माणूस पडला, तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. प्रवेश निदान तीन फूट रुंद ठेवा, म्हणजे आधार देणारी व्यक्तीही आत येऊ शकते. उंबरठा नको, पाणी जाण्यासाठी फरशीला बेताचा उतार पुरतो. काच टफन्डच हवी. तिच्यावर आयएस २५५३ हा भारतीय मानकाचा क्रमांक आहे का, ते पाहून घ्या. ती फुटलीच तर धारदार तुकडे न होता बारीक कण होतात. तिची कड आणि कोपरे मात्र नाजूक असतात. तेथे टवका उडालेला दिसला किंवा बिजागरीचा स्क्रू ढिला झाला, तर वाट पाहू नका. आणि काचेची मूठ, टॉवेलची दांडी, पडद्याचा रूळ यांपैकी एकही आधार नव्हे. आधाराची दांडी भिंतीत पक्की बसवलेली वेगळीच असावी.

बसून स्नान करण्याची सोय करा. ऊन पाण्याने रक्तवाहिन्या पसरतात; रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर एकदम उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पाय जमिनीवर सपाट टेकतील इतक्या उंचीची, न सरकणाऱ्या पायांची बैठक घ्या. आमच्या घरातले ते प्लास्टिकचे स्टूल मी स्वतः भंगारात दिले.

स्वच्छतेची रीत साधी आहे. स्नान संपल्यावर घरातल्या धडधाकट माणसाने काच आणि फरशी रबरी वायपरने ओढून घ्यावी. थेंब वाळलाच नाही तर डागही पडत नाही. साबणाच्या वडीऐवजी द्रवरूप बॉडीवॉश वापरला तर साका पुष्कळ कमी होतो. जुन्या डागांवर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडक्याने लावावे, दहा मिनिटांनी धुवावे. लिंबाचा रसही चालतो. (मोसंबी चालेल का, असे मला दोघांनी विचारले. जालनेकरांचे मोसंबीप्रेम मान्य, पण तिच्यात आंबटपणा फार थोडा.) संगमरवर आणि शहाबादी फरशी यांवर मात्र कोणतेही आम्ल नको, त्यांची झीज होते.

एक गोष्ट डॉक्टर म्हणून निक्षून सांगतो. आईच्या अपघातानंतर मी आमच्या बेसिनखाली पाहिले, तर फरशीचे ॲसिड आणि ब्लीच शेजारी-शेजारी ठेवलेले होते. डाग जात नाही म्हणून ही दोन्ही एकत्र करणारे लोक असतात. त्यांच्या संयोगातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो दम्याच्या किंवा हृदयाच्या वृद्ध रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. ब्लीचमध्ये व्हिनेगरही मिसळू नये. वारा खेळता हवा तो याच्यासाठी, आणि गॅस गिझर आत असेल तर त्याहूनही अधिक. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना वास असतो ना रंग. गिझर न्हाणीघराबाहेरच लावून घ्या.

आमचा पडदा दर पंधरवड्याला कोमट पाण्यात धुतला जातो आणि एरवी पसरून वाळवला जातो. गोळा होऊन राहिला की त्याच्या घडीत बुरशी धरते. काढलेले दार कापून छोटे करता येईल का, असे मी कारागिराला विचारले होते. टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, असे त्याने सांगितले. ते अजून जिन्याखाली गोणपाटात गुंडाळून उभे आहे. आई अधूनमधून विचारते, त्याचे पैसे फुकट गेले का रे.