आतून पाहिलेली शिवण

बोटातली धमनी जेमतेम एक मिलिमीटर रुंद असते. ती जोडली आणि रक्त पुढे सरकले, एवढ्यावर शिवण चांगली ठरत नाही. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात शिरवळच्या कारखान्यांत प्रेस मशीन आहेत, गोठ्यांत कडबाकुट्टी आहे. तिथे तुटलेले बोट घेऊन जखमी बहुधा महामार्गाने पुण्याकडे निघतो. पुढे ते बोट जगते की काळे पडते, हे अशा शिवणीवर ठरते. १९६० साली जेकबसन आणि सुआरेझ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या जोडून दाखवल्या. १९६५ मध्ये जपानात कोमात्सू व तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडला.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर शिवणीची पहिली परीक्षा दोन चिमट्यांची. जोडाच्या पुढे, प्रवाहाच्या दिशेला, वाहिनी एका चिमट्याने हलकेच दाबायची. दुसऱ्याने तिथून पुढचे रक्त सारून थोडा भाग रिकामा करायचा आणि पहिला चिमटा सोडायचा. रिकामा भाग झटकन भरला तर वाट मोकळी. मात्र ही चाचणी त्या क्षणापुरतीच खरी, आणि वारंवार केली तर आतले नाजूक अस्तर दुखावते. गुठळी बऱ्याचदा नंतर धरते.

खरा निकाल आतून लागतो. रुग्णाची वाहिनी उभी चिरून पाहता येत नाही; सरावाची येते. त्यासाठी कोंबडीच्या तंगडीतली धमनी पुरते. १०-० नायलॉनच्या अतिबारीक धाग्याने शिवलेला तुकडा चिरून उलगडला की बाहेरून देखण्या शिवणीचे दोष उघडे पडतात: समोरची भिंत पकडलेला टाका, दुमडलेली कड, पोकळीत लोंबणारा धागा, आवळून मेलेली किनार, असमान अंतर. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘अ‍ॅनास्टोमोसिस लॅप्स इंडेक्स’, म्हणजे जोडातल्या चुकांचा निर्देशांक, असे दहा दोष मोजतो. हाताचा वेग किंवा ऐट यांना त्यात गुण नाहीत, आणि ते योग्यच आहे. समोरची भिंत पकडणारा टाका सगळ्यांत घातक. तो वाटच बंद करतो.

वॉर्डात परीक्षा चालूच राहते. बोटाचा रंग, ऊब, दाबून सोडल्यावर परतणारी लाली दर तासाला पाहतात. शंका आली तर सुईने टोचतात: लाल थेंब आला तर ठीक, रक्तच न आले तर धमनी अडली, काळपट रक्त भराभर आले तर शीर तुंबली. या शेवटच्या दोन्हींत सकाळची वाट पाहत नाहीत, रुग्णाला पुन्हा टेबलावर घेतात.