हिजरत

इस्लामी कालगणना प्रेषित महंमदांच्या जन्मापासून नव्हे, तर इ. स. ६२२ मधील मक्केहून मदिनेस झालेल्या स्थलांतरापासून, म्हणजे हिजरतीपासून, मोजली जाते. हिजरत हे केवळ पलायन नव्हे. श्रद्धेसाठी केलेला तो गणगोताचा त्याग होय. आब्राहामाची कथा प्रवचनात सांगणाऱ्या मला हा शब्द परका वाटत नाही.

परंपरेनुसार, त्यापूर्वी सुमारे ६१५ साली मक्केत छळ सोसणाऱ्या काही मुसलमानांनी अबिसीनियाचा ख्रिस्ती राजा नजाशी याच्याकडे आश्रय घेतला. मक्केचे दूत त्यांना परत मागू लागले, तेव्हा जाफर यांनी कुराणातील मरियमच्या अध्यायातील वचने म्हटली. राजाचे डोळे पाणावले. त्याने शरणागतांना स्वाधीन केले नाही.

जपमाळ करताना मला हा राजा आठवतो. मरियामातेचे नाव ऐकून शेजाऱ्याला दार उघडावे, एवढे आपल्यालाही जमावे.