आठ माणसांचं खतखतें

हैदराबादेत चार माणसं जेवायला बोलवायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "बिर्याणी कुठून मागवायची?" बिर्याणी ही या शहराची शान, आणि मीही ती आवडीने खातो. पण मागवलेलं जेवण दर खेपेला थोडं वाढत जातं. एकाने बिर्याणी मागवली की दुसरा सोबत कबाब मागवतो, तिसरा खुबानी का मीठा. मग ते जेवण राहत नाही, परतफेडीचा हप्ता होतो.

आमच्या मित्रमंडळात नेमकं हेच होत चाललं होतं. महिन्यातला एक शनिवार, आळीपाळीने एकेकाच्या घरी, असा आमचा रिवाज. त्यातला एक मित्र येईनासा झाला. एकदा डोकं दुखत होतं, एकदा गावाहून कोणी आलं होतं. त्याची नोकरी सुटलीय हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि पुढची पाळी त्याची आहे हेही. पण बोलणार कोण आणि काय? मी मधली पाळी मागून घेतली आणि ठरवलं, शिवराक करायचं. खतखतें, भात, पापड, सोलकढी. बस्स!

गोंयकाराला हे सोपं नाही. पाहुणे यायचे आणि ताटात नुस्तें नाही, म्हणजे आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. पण समुद्रापासून इतक्या लांब, बर्फातून आलेली इसवण आठ माणसांना पुरवायची तर खिसा रिकामा. शिवाय आमच्यात एक घर शुद्ध शाकाहारी, एक हलाल पाहणारं. खतखत्यात मांस नाही, कांदा-लसूण नाही, दूधदुभतं नाही. सगळ्यांना चालणारं असं दुसरं काय आहे आपल्याकडे?

भाजीसाठी मेहदीपट्टणमच्या रैतु बाजारात गेलो. शेतकऱ्यांनी थेट विकायचे हे बाजार तेव्हाच्या आंध्र प्रदेशात 1999 साली सुरू झाले. 'रैतु' म्हणजे आपली रयतच. रोजचे भाव फळ्यावर लिहिलेले असतात, त्यामुळे घासाघीस नाही. गंमत भाषेची. सुरणाला इथे म्हणतात 'कंदगड्डा' आणि कांद्याला 'उल्लीगड्डा'. कांदा नसलेल्या पदार्थासाठी मी "कंद द्या, कंद द्या" करत फिरत होतो!

आठ जणांचा हिशेब असा. सुरण, रताळं, मुळा, भोपळा, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा मिळून 2 किलो. तूरडाळ 200 ग्रॅम, सोना मसुरी तांदूळ पाऊण किलो, नारळ तीन. त्यातला दीड खतखत्याला, उरलेला सोलकढीला. खर्चात जड काय ते हे नारळच. सोलां आणि तिरफळं मात्र गांवची, डब्यात जपून ठेवलेली.

कृती तुम्हाला सांगायला नकोच. कठीण भाज्या आधी, भोपळा शेवटी. शिजलेली डाळ, मग खोबरं-मिरची-हळदीचं वाटण, गूळ, सोलां. तिरफळांतल्या काळ्या बिया काढून, ती जरा ठेचून उतरवताना घालायची. दुपारी करून ठेवलं तर रात्री जास्त मुरतं, आणि यजमान घामाघूम न होता दारात उभा राहू शकतो.

त्या मित्राला मी फोनवर एवढंच म्हटलं, "अरे, ये. भाजी-भात आहे. येताना दही तेवढं आण." दही नसतं तरी अडलं नसतं. पण हातात काहीतरी घेऊन येणाऱ्याचं पाऊल उंबरठ्यावर अडत नाही.

दोघंही आले. तिरफळाने एकीच्या जिभेला मुंग्या आल्या, त्यावर बराच वेळ हसणं झालं. एक हैदराबादी भाभी म्हणाल्या, "ये तो हमारी खट्टी दाल की बहन लगरी." पातेल्याचा तळ दिसला. बिर्याणीची आठवण कोणालाच झाली नाही.

निघताना चपला घालता घालता तो मित्र म्हणाला, "पुढचा शनिवार आमच्याकडे हं. पण पप्पुचारु-भातच मिळेल."

"आणि लोणचं?" मी विचारलं.

"ते तर आहेच रे!"