कॉर्डचं नाव आणि बोटांची जागा

भावगीतांच्या कार्यक्रमाला तालमीची पट्टी टिकेलच असं नाही. ऐन वेळी गायिका म्हणते, ‘आवाज छान लागलाय, काळी एक घेऊ या.’ स्केलचेंजर पेटीवाला पट्टे सरकवून निवांत होतो. माझ्या कागदावर मात्र पांढरी एकच्या हिशेबाने सी, ए मायनर, एफ, जी अशी अक्षरं असतात आणि ती सगळी अर्ध्या सुराने खाली पडलेली.

म्हणून मी अक्षरांऐवजी आकडे लिहितो : १, ६, ४, ५, मायनर असेल तर आकड्यापुढे आडवी रेघ. ही रीत नॅशव्हिलची. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘जॉर्डनेअर्स’ या गायकसंचातल्या नील मॅथ्यूज यांनी ती बसवली आणि चार्ली मॅकॉय यांनी तिथल्या वादकांमध्ये रुजवली. सा हवा तिथे धरून गाणाऱ्या आपल्या लोकांना ती शिकवावी लागत नाही.

पण आकडा म्हणजे फक्त पत्ता. घरात कोण कुठे बसलंय ते तो सांगत नाही. साधा सी मेजर घ्या. जाड तारेकडून मोजलं तर सहावी तार बंद, मग ३, २, ०, १, ०. यातलं पाचव्या तारेवरचं बोट नुसतं उचला : ए मायनर सेव्हन झाला. आणि त्याच वेळी बेसवाल्याने खाली सी धरला, तर ऐकणाऱ्याला तो सी सिक्स्थ वाटतो. माझा हात हललेलासुद्धा नाही! गिटारवाल्याने एकट्याने कॉर्डचं बारसं करू नये, ते यासाठी.

बोटांची चौकट प्रत्येक कॉर्डवर काढणारे लोक आहेत. त्यांचा कागद रेल्वेच्या वेळापत्रकासारखा दिसतो आणि अंतरा येईपर्यंत नजर हरवते. मी चौकट काढतो ती रचना बदलली की रंगच जातो अशा ठिकाणी. हेंड्रिक्सच्या ‘पर्पल हेझ’मधला ई सेव्हन शार्प नाइन बघा : मोकळ्या सहाव्या तारेवर ७, ६, ७, ८, पहिली तार बंद. जी शार्प खाली, जी वर, मध्ये डी. त्या अंतरामुळेच ती टक्कर खमंग लागते. हेच दोन सूर शेजारी आणले, तर नाव तेच राहतं आणि कानाला नुसता चिखल लागतो.

काळी एकला मोकळ्या तारांचा सी हवा असेल, तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावायचा. हात सीचा, आवाज सी शार्पचा. तेव्हा कागदाच्या कोपऱ्यात कॅपोचा फ्रेट लिहा, शेजारी गायिकेची पट्टीही लिहा. तुमचा हात बघून सी वाजवणाऱ्या बेसवाल्यावर मग डोळे वटारावे लागणार नाहीत.