पत्र्याखालचे सोलापूर

वैशाखातील दुपारी सोलापूरच्या पूर्वभागात आपण गेलात, तर माणसे दिसण्यापूर्वी मागांची खडखड कानी येईल. पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. अनेक घरांत माग आणि संसार एकाच पत्र्याखाली नांदतात. मुलगा मागावर उभा असतो, कोपऱ्यात आजी कांड्या भरीत असतात. बाहेर पारा ४० अंशांपलीकडे गेलेला असला, तरी मजुरी कामाच्या मोजमापावर ठरते. म्हणून हात थांबत नाहीत.

कोरड्या हवेत सुती धागा तुटतो. त्यामुळे विणकर दारे-खिडक्या लोटून हवेत ओलावा राखतात. परंतु धाग्याला तारणारा हा ओलावाच देहाला जाचतो. दमट हवेत घाम सुकत नाही आणि घाम सुकल्यावाचून शरीर निवत नाही. उतारवयात तहान उशिरा जाणवते, घामही कमी येतो. म्हणून कोपऱ्यातील आजींना धोका अधिक.

अशा वेळी आपण त्यांना ‘जपा’ एवढेच सांगतो. खरे तर आधी जागा बदलावयास हवी. जुन्या कापडगिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरे आठवा. त्यांच्या काचा उत्तरेकडे असत. उजेड येई, थेट ऊन येत नसे. छप्पर आणि भिंती आतील उष्मा कमी राखतील अशा असाव्यात, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमानेही सांगितले होते.

घरच्या मागालाही हे शहाणपण लागू पडते. उन्हाळ्यापूर्वी पत्र्यावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यावेत. गरम हवा वर चढते. तिला आढ्याजवळ वाट आणि ताज्या हवेला खाली झरोका ठेवावा. कांड्या भरण्याची बैठक मोटारीपासून दूर, सावलीच्या भिंतीकडे न्यावी. पाण्याचा माठ हाताशी असावा आणि पाणी तहानेची वाट न पाहता द्यावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे. हवा ४० अंशांपलीकडे गेली, की नुसत्या पंख्यावर विसंबू नये. अंग ओल्या पंचाने पुसावे आणि दुपारचे काम सकाळ-संध्याकाळवर न्यावे.

बोलणे असंबद्ध झाले, अंग तापले, शुद्ध हरपू लागली, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी घालावे आणि तत्काळ १०८ ला दूरध्वनी करावा. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये.

आपल्या घरी माग नसेलही. पण वडीलधारी माणसे दुपारी कोणत्या छपराखाली बसतात, हे आज एकदा मान वर करून पाहा.